‘निरपराध’ हा शब्द कोणाचा?

चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी आपल्या भाषेत म्हण आहे. ज्यानं ती केली त्यानं मोठी हुशारी केलीय. या देशात संन्याशाला सुळी दिलेली कुणी पाहिलीय? संन्याशाच्या लोक पाया पडतात. सुळीवर जातो तो पालावरचा, तांड्यावरचा, गावकुसाबाहेरचा. पण म्हणीत संन्यासीच लागतो, कारण ऐकणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे. तिथं पारधी घातला असता तर म्हण झालीच नसती. लोक म्हणाले असते, यानं केलं नसेल तर याच्या भावानं केलं असेल. जाऊ द्या.

म्हणजे निरपराध ठरायला नुसतं निरपराध असून भागत नाही. आधी माणूस ठरावं लागतं. हा प्रश्न घेऊन मी तुमच्यापुढं आलोय.

दोस्तांनो, ‘निरपराध’ हा शब्द ऐकला की आपल्या कपाळावर आठी पडते. ती उगाच पडत नाही. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या थेट अटकेला आडकाठी घातली. कारण काय दिलं? निरपराध माणसं गोवली जातात. खटला आपल्याच महाराष्ट्रातला होता. मग २ एप्रिलला भारत बंद झाला, आपली पोरं रस्त्यावर उतरली, काही मेली. ऑगस्टात संसदेनं कलम १८-अ घातलं आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयानं आपले ते निर्देश मागं घेतले. तेव्हापासून हा शब्द आपल्याला शिवीसारखा वाटतो. ज्याच्या अंगणात आपल्या बापाला मारलं तो ‘निरपराध’. ज्याच्या विहिरीवर आपल्या आईची घागर फोडली तो ‘निरपराध’.

पण शब्द त्यांनी पळवला म्हणून आपण तो सोडून द्यायचा का? पाणीही त्यांनी पळवलं होतं. आपण महाडला जाऊन ते परत घेतलं.

आता आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट ऐका. मी दिंडोरीत राहतो. इथून नाशिक तासाभराच्या आत. जून २००३ मध्ये नाशिकजवळ शेतातल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच माणसं मारली. एका बाईवर आणि एका पंधरा वर्षांच्या पोरीवर बलात्कार केला. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. मेलेली माणसंही गरीबच होती, हे विसरू नका. बंगल्यातली नव्हती.

पोलिसांनी सहा जण धरले. भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले मजूर. १२ जून २००६ ला नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. सरकारचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. ते दिल्लीला गेलं. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. तीन पायऱ्यांची कोर्टं झाली, आणि प्रत्येक पायरीवर हे सहा जण गुन्हेगारच ठरले. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अठराच्या आतला पोरगा होता. ते कागदावर सिद्ध व्हायलाच पुढं कित्येक वर्षं लागली.

आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं, न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या पीठानं, सहाही जणांना निर्दोष सोडलं.

काय सापडलं होतं? नवा पुरावा कुठून उगवला? उगवला नाही. तो पहिल्या आठवड्यापासून तिथंच होता. वाचलेल्या आईनं घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या फोटोंच्या वहीतून चार माणसं ओळखली होती. ते चार या सहांतले नव्हते. वेगळेच होते. त्या चौघांना धरलं नाही, त्यांचा तपास केला नाही, आणि हा कागद कोर्टापुढं ठळकपणे आणलाही नाही. पुढं त्याच आईनं कोर्टात पिंजऱ्यात उभ्या केलेल्या माणसांकडं बोट दाखवलं. जिचं घरदार डोळ्यादेखत संपलं त्या बाईला मी दोष देत नाही. दोष तिच्यापुढं माणसं उभी करणाऱ्यांचा. पोलीस समोर उभी करतील ती माणसं आणि आठवणीतली माणसं हळूहळू एक होत जातात. अमेरिकेत १९९२ पासून ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ नावाची संस्था डीएनए तपासून माणसं सोडवते. तिथंही चुकीच्या शिक्षेचं सर्वांत मोठं कारण हेच निघालं, साक्षीदाराची चुकलेली ओळख.

न्यायालयानं निकालात स्वच्छ लिहिलं की हे सगळे भटक्या जमातीतले, समाजाच्या तळाचे, अतिशय गरीब मजूर आहेत. त्यांना खोटं गोवलं असणं नाकारता येत नाही. चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करा, त्या चौघांचा तपास करा, आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्या, असा हुकूम दिला.

पाच लाखांना सोळा वर्षांनी भागा. रोजचे पंच्याऐंशी रुपये पडतात. फाशीच्या कोठडीत, रोज दार वाजलं की आज आपला नंबर आला का, असं ऐकत बसायची मजुरी पंच्याऐंशी रुपये. ठेकेदारही एवढं कमी देत नाही.

आता मुद्द्याचं. दार उघडलं कसं?

तेही समजून घ्या, कारण कार्यकर्त्याला कळवळ्याइतकंच कायद्याच्या वाटांचं ज्ञान पाहिजे. पूर्वी सर्वोच्च न्यायालयात फाशी कायम झाली की फेरविचाराचा अर्ज न्यायाधीशांच्या खोलीत कागद फिरवून निकालात काढायचे. वकील उभा राहणार नाही, कोणी बोलणार नाही. २ सप्टेंबर २०१४ ला मोहम्मद आरिफ खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ठरवलं की फाशीचा फेरविचार उघड्या कोर्टात ऐकला पाहिजे, वकिलाला तोंडी बोलू दिलं पाहिजे. अर्धा तास पुरे, असंही म्हटलं. त्या निकालाच्या आधारानं ३१ ऑक्टोबर २०१८ ला या सहा जणांचे आधी फेटाळलेले अर्ज पुन्हा उघडले गेले. आणि कोणीतरी शेवटी तो फोटोंच्या वहीचा कागद मोठ्यानं वाचला. सुधारणा सुधारणा म्हणतात ती केवढीशी असते बघा. तोंड उघडायची परवानगी! पण तेवढ्यावर सहा माना वाचल्या.

आणि हा मोहम्मद आरिफ कोण? लाल किल्ल्यावरच्या २००० सालच्या हल्ल्यातला दोषी. त्याचा स्वतःचा फेरविचाराचा अर्ज न्यायालयानं २०२२ मध्ये फेटाळला, फाशी कायम ठेवली. म्हणजे ज्याच्या नावानं दार उघडलं तो आतच राहिला आणि त्या दारातून आपल्या जिल्ह्यातले सहा निर्दोष बाहेर आले. यावर विचार करा. वर्तमानपत्रं तेव्हा विचारत होती, असल्या माणसाला कसले हक्क? लोकांचं ऐकून ते दार बंद ठेवलं असतं तर आज हे सहा जण कुठं असते? हक्क ही चांगल्या वागणुकीची बक्षिसी नाही. तो सगळ्यांना असेल तरच निरपराध्याला मिळतो, कारण दाराशी उभा असताना निरपराध्याच्या कपाळावर निरपराध लिहिलेलं नसतं. तिथं प्रत्येक जण आरोपीच असतो.

याला नुसती चूक म्हणायचं का? मी कागदाच्या गिरणीत काम करतो. यंत्रावर कागद फाटला तर पहिला प्रश्न असतो, कुठं फाटला. लगदा पातळ होता, पाणी जास्त गेलं, की रूळ तापला. मागं मागं जात शोधतात, फाटलेला कागद पुन्हा हौदात टाकतात. ती चूक असते. कुणाच्याही पाळीत होते, कुठल्याही दिवशी होते. पण त्याच गिरणीत तांब्याची केबल चोरीला गेली तेव्हा फाटकावर कुणी विचारलं नाही की त्या रात्री पाळी कुणाची होती, किल्ली कुणाकडं होती. विचारलं एवढंच, ठेक्यावरच्यांत पालावरचे कोण कोण आहेत? तीन पोरं वेगळी उभी केली. झडती त्यांची, थपडा त्यांना, दोन दिवसांचा खाडाही त्यांचाच. केबल काही मिळाली नाही. मिळाली नाही तरी कुणाला काही वाटलं नाही, कारण शोध केबलचा चालला नव्हताच.

चूक सगळीकडं सारखी पडते. जी नेहमी एकाच वस्तीवर येऊन पडते ती चूक नसते, ती वहिवाट असते.

त्या वहिवाटीचा कागदही आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. आख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार. हजेरी द्यायची, पास काढायचा, तारेच्या कुंपणात राहायचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला, पण पोलीस चौकीच्या डोक्यातून गेला का? तुरुंगाच्या नियमावलीतूनही गेला नव्हता. काम जातीवर वाटायचं, या जमातीवर नजर ठेवायची, असलं त्यात छापलेलं होतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या अर्जावर ते घटनाबाह्य ठरवलं, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा म्हणून सांगितलं. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर!

पण इंग्रजाला एकट्याला का बोला? त्याला ही कल्पना इथंच तयार मिळाली. जात म्हणजे दुसरं काय आहे? खटला न चालवता दिलेली शिक्षा. आरोप सांगत नाहीत, साक्ष नाही, अपील नाही, मुदत नाही. आईच्या पोटातून आला की शिक्षा सुरू. आणि वर सांगायचं की मागल्या जन्मी तूच गुन्हा केला होतास. कर्मविपाक हा या देशातला सर्वांत जुना खोटा कबुलीजबाब आहे. बाबासाहेबांनी आपल्याला त्या कबुलीजबाबावरची सही पुसायला शिकवलं. म्हणून म्हणतो, निर्दोष असून शिक्षा म्हणजे काय हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायला नको. हा शब्द आधी आपला आहे.

आता जी गोष्ट बोलायला जड जाते ती बोलू. आपल्या मोर्च्यात घोषणा कोणती असते? फाशी द्या! खैरलांजीनंतर आपण सगळ्यांनी घसा फोडून हेच मागितलं. त्या रागाला मी नावं ठेवत नाही. तो राग नसता तर खटलासुद्धा उभा राहिला नसता. पण हाती काय आलं ते बघा. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली. मात्र ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. जातीचा संबंध नाही म्हणाले. २०१० मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली, जात तिथंही सापडली नाही. आपण माणसाची मान मागत होतो, त्यांनी ती देऊ केली आणि जातीला निर्दोष सोडून दिलं. उलटं खर्ड्याला झालं. २०१४ मध्ये पोरगा भरदिवसा शाळेच्या आवारातून मारत नेला, आणि २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फिरले.

नाशिकचे सहा आणि खर्ड्याचा आपला पोरगा, या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात. त्या एकच आहेत. दोन्हीकडं तपास झाला नाही. आपला माणूस मेला की पोलीस तपास करत नाहीत, कारण मेलेला आपला असतो. दुसऱ्या कुणाचा खून झाला की पोलीस तपास करत नाहीत, कारण धरायला आपला माणूस तयार असतो. एकीकडं खुनी सुटतो, दुसरीकडं बिनखुनी लटकतो. नाशिकला तर दोन्ही एकदम झालं. सहा निर्दोष सोळा वर्षं आत, आणि खरे मारेकरी तेवढी वर्षं बाहेर. त्या आईला न्याय मिळाला असं कोण म्हणेल? म्हणून ॲट्रॉसिटीची कडक अंमलबजावणी मागणं आणि निरपराध्याची सुटका मागणं यांत विरोध नाही. दोन्हीचं मूळ मागणं एक. तपास करा. खरा करा.

जो ॲट्रॉसिटीपुरता निरपराध्यांसाठी गळा काढतो, त्याला एकच प्रश्न विचारा. त्या सहा जणांसाठी तू किती दिवस रडलास?

फाशीबद्दल बाबासाहेबांचं मत काय होतं हेही आपल्या पोरांना ठाऊक पाहिजे. ३ जून १९४९ ला घटना समितीत चर्चा चालली होती की फाशी झालेल्याला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा का. बाबासाहेबांनी सांगितलं की त्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला मी पाठिंबा देईन. अहिंसा हे तत्त्व हा देश मानतो, मग ते पाळावं. ज्यानं हयातभर अन्याय सोसला त्या माणसाचं हे म्हणणं आहे. त्यांना ठाऊक होतं, दोर कुणाच्या गळ्याच्या मापानं वळला जातो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा अभ्यास छापला. त्यात चारांपैकी तीन जण मागास जातीजमातींतले नाहीतर धार्मिक अल्पसंख्य निघाले. दोराचं माप हे असं आहे.

आता बाहेरची एक तुलना. इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरात १९७४ मध्ये बाँबस्फोट झाले. सहा आयरिश माणसं धरली, १९७५ मध्ये जन्मठेप दिली. त्यांनी पोलिसांनी मारल्याची फिर्याद केली तेव्हा १९८० मध्ये लॉर्ड डेनिंग नावाच्या बड्या न्यायाधीशानं ती फेटाळली. त्याच्या म्हणण्याचा सार असा, की हे जिंकले तर पोलीस खोटे आणि मारकुटे ठरतील, आणि ते चित्र इतकं भयंकर आहे की खटला पुढं जाऊच नये. म्हणजे माणूस आत सडला तरी चालेल, व्यवस्थेची अब्रू राहिली पाहिजे. मनूनं हेच वेगळ्या भाषेत लिहिलं होतं. ते सहा जण १९९१ मध्ये सुटले. तिथंही सहा, तिथंही सोळा वर्षं, तिथंही हलकी मानलेली जमात.

फरक पुढं आहे. त्या सहांनंतर इंग्लंडात चौकशी आयोग बसला आणि १९९७ पासून एक स्वतंत्र मंडळ काम करू लागलं. कोर्टाच्या सगळ्या पायऱ्या संपल्यावरही कैदी त्याच्याकडं अर्ज करू शकतो, मंडळ स्वतः कागद मागवतं, तपासतं, खटला पुन्हा कोर्टात पाठवतं. आपल्या सहांनंतर आपल्याकडं काय झालं? विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्येच २७७ वा अहवाल देऊन सांगितलं होतं की खोट्या खटल्यात गोवलेल्यांना भरपाईचा हक्क देणारा कायदा करा. कायदा झालेला नाही. विनाकारण अटक करायला लावल्याबद्दल नव्या संहितेतही भरपाई आहे, जास्तीत जास्त एक हजार रुपये. जुन्यातला आकडाच उचलून ठेवलाय.

तेव्हा आपण काय करायचं? कविता लिहायची, मोर्चा काढायचा, ते चालूच राहील. पण माणूस पहिल्या चोवीस तासांत बुडतो, वर्षांनी नाही. वस्तीतला, पालावरचा, कुणीही उचलला की चौकीवर दोघांनी तरी जायचं. अटकेचा पंचनामा दाखवा म्हणायचं, नातेवाइकाला कळवलं का विचारायचं, डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच हे नियम घालून दिलेत. चोवीस तासांत न्यायाधीशापुढं उभं केलंच पाहिजे, ते घटनेच्या बाविसाव्या कलमात आहे. चौकीत कॅमेरे लावण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये दिलाय, त्याचं चित्रण मागायचं. गरिबाला सरकारी खर्चानं वकील हा हक्क आहे. तो आहे हे आरोपीला सांगितलं नाही तर शिक्षाच टिकत नाही, असं १९८६ च्या सुक दास खटल्यात ठरलंय. ओळख परेडीच्या आधी आरोपीला कुणाला दाखवलं का, फोटो दाखवले का, हे तारखेसकट वहीत लिहून ठेवायचं. आपला सहा जणांचा खटला एका लपलेल्या कागदावर फिरला, हे डोक्यात ठेवा.

आणि हे करताना तो आपल्या जातीचा आहे का, आपल्या गटाचा आहे का, हे विचारायचं नाही. आपणच ते विचारू लागलो तर गिरणीच्या फाटकावरच्या रखवालदारात आणि आपल्यात फरक काय? त्यानं केलं असेल का, हेही पहिल्या रात्री विचारायचं नाही. ते ठरवायला कोर्ट आहे. आपण एवढंच बघायचं, की ठरवण्याआधी सगळे कागद टेबलावर आले का.

पुढच्या मोर्च्यात ‘फाशी द्या’च्या जागी मी ‘तपास करा’ अशी घोषणा देणार आहे. ऐकायला मिळमिळीत वाटेल, टाळ्या पडणार नाहीत. पण या व्यवस्थेला फाशी द्यायला काहीच लागत नाही, ती आनंदानं देते. तपास मात्र तिला जिवावर येतो, कारण खरा तपास शेवटी वाड्यापर्यंत जातो.

जयभीम.